परक्या शाळेतले मूल : स्थलांतरित मुलांपुढची आव्हाने आणि यजमानांची जबाबदारी



'स्थलांतर' हा घटक आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो, शिकवतो. कारणे लिहा, परिणाम लिहा, चार गुण मिळवा. रोजगार, शिक्षण, युद्ध, दुष्काळ, विवाह अशी कारणे मुले धडाधड सांगतात. पण या यादीत एक साधी गोष्ट राहून जाते. स्थलांतराचा निर्णय मोठी माणसे घेतात, आणि त्या निर्णयाची परीक्षा मात्र मुलांना द्यावी लागते. तीही अशा भाषेत, जी त्यांना येत नाही.

एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या मुलाला कोणत्या अडचणी येतात, यावर निबंध लिहायला सांगितला तर आपण काय लिहू? भाषा, हवामान, जेवण, मित्र नसणे, वर्णभेद. सगळे बरोबर आहे. पण मला त्याहून पुढचे काही म्हणायचे आहे. माझे मत असे की, स्थलांतरित मुलापुढची सगळ्यात मोठी अडचण भाषा ही नाहीच. भाषा मूल शिकते. भाषा शिकून होण्याआधीच शाळा त्या मुलाबद्दल आपले मत बनवून मोकळी होते, ही खरी अडचण आहे. हे मत एकदा बनले की पुसायला फार वर्षे लागतात, आणि कधी कधी ते पुसले जातच नाही.

हे मी का म्हणतो, ते एकेक करून पाहू.

बोलता येणे आणि शिकता येणे

'मुलं काय हो, सहा महिन्यांत फडाफडा बोलायला लागतात!' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. परदेशी गेलेल्या नातेवाइकांची मुले सुट्टीत आली की आपणही कौतुकाने हेच म्हणतो. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७०-८० च्या काळात एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. मैदानावरची भाषा वेगळी आणि पुस्तकातली भाषा वेगळी. 'बॉल दे', 'माझा नंबर आहे', 'चल डबा खाऊ' ही भाषा मूल साधारण दोन वर्षांत सहज बोलू लागते. कारण समोर वस्तू असते, हातवारे असतात, चेहरा असतो. पण 'बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो ते स्पष्ट करा' ही भाषा वेगळीच आहे. तिथे ना वस्तू, ना चेहरा. या भाषेत वर्गातल्या स्थानिक मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी मांडले.

आता यातून काय होते बघा. मूल दुसऱ्या वर्षी मधल्या सुट्टीत छान गप्पा मारताना दिसते. शिक्षकांना वाटते, भाषा तर आली. मग परीक्षेत गुण का कमी? म्हणजे अभ्यास करत नसणार. किंवा डोकेच कमी असणार. झाले! भाषेची अडचण होती, तिच्यावर बुद्धीचा शिक्का बसला.

आणखी एक गोष्ट. नव्या भाषेत पडलेले मूल कधी कधी काही आठवडे, काही महिने बोलतच नाही. ते ऐकत असते, साठवत असते. पेरल्यावर दाणा लगेच वर येत नाही, म्हणून आपण जमीन उकरून बघत नाही ना? या शांत काळात त्या मुलाला 'मुका', 'घुमा', 'लाजाळू' असे नाव पडते. त्याला वेळ हवा असतो आणि आपण त्याला विशेषण देतो.

जर्मनीची गोष्ट

हा शिक्का बसल्यावर काय होते, याचे उदाहरण म्हणून जर्मनीकडे पाहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने उभे राहिले, पण हात कमी पडू लागले. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार झाला. या कामगारांना नाव मिळाले 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. पाहुणा म्हटले की तो परत जाणार, हे त्या नावातच होते. तुर्कस्तानशी झालेल्या करारात सुरुवातीला दोन वर्षांची मुदतही होती. पण शिकवून तयार केलेला कामगार परत पाठवायचा आणि नवा आणून पुन्हा शिकवायचे, हे कारखानदारांना परवडेना. १९६४ मध्ये ती मुदत काढली गेली. १९७३ मध्ये नवी भरती थांबली, पण जे आले होते त्यांनी आपली बायकामुले बोलावून घेतली.

म्हणजे आले होते हात, आणि त्यांच्यामागून आली दप्तरे. त्या दप्तरांचे काय करायचे याचा विचार कोणीच केलेला नव्हता.

काही ठिकाणी या मुलांसाठी वेगळे वर्ग निघाले. एकीकडे त्यांना जर्मन शिकवायचे आणि दुसरीकडे 'ही परत जाणारच आहेत' म्हणून परतीची तयारीही ठेवायची, असे दोन दगडांवर पाय ठेवलेले धोरण होते. मुलाने नेमके कोणत्या देशासाठी शिकायचे, हे ना त्याला कळत होते ना शिकवणाऱ्याला.

त्यात जर्मनीची शाळाव्यवस्था मुळातच मुलांना लवकर वेगळे करणारी. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल जेमतेम दहा वर्षांचे असताना, त्याची वाट ठरते. विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे 'गिम्नाझियुम'. मधली 'रेआलशूल'. आणि लवकर हातकामाच्या प्रशिक्षणाकडे जाणारी 'हाउप्टशूल'. या निवडीत प्राथमिक शिक्षकांच्या शिफारशीला मोठे वजन. आता विचार करा. घरी तुर्की बोलणारे, सातव्या वर्षी खऱ्या अर्थाने जर्मन ऐकू लागलेले मूल दहाव्या वर्षी पुस्तकी जर्मनमध्ये स्थानिक मुलांच्या बरोबरीला कसे येणार? वर सांगितलेली पाच-सात वर्षे अजून भरलेलीसुद्धा नाहीत, आणि निकाल मात्र लागला! स्थलांतरितांची मुले हाउप्टशूलमध्ये मोठ्या प्रमाणात गेली, याचे नवल वाटायला नको.

तुम्हाला कोविडच्या लसीमुळे उगूर शाहिन हे नाव आठवत असेल. पत्नी ओझलेम ट्युरेजी यांच्यासह 'बायोएनटेक' ही कंपनी उभी करणारे शास्त्रज्ञ. शाहिन यांचा जन्म १९६५ चा, तुर्कस्तानातला. वडील कोलोनमधल्या फोर्डच्या कारखान्यात कामगार. चौथ्या वर्षी मुलगा जर्मनीत आला. प्राथमिक शाळेतून त्याच्यासाठी शिफारस झाली होती ती हाउप्टशूलची. एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून त्याला गिम्नाझियुममध्ये घालायला लावले. पुढचे सगळे जगाला माहीत आहे.

ही गोष्ट आपण 'जिद्द असली की यश मिळतेच' असे म्हणत सांगतो. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. जिद्द त्या मुलात होतीच, पण ती शिफारस लिहिली जात असताना तिचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला शेजाऱ्याचा. ज्या मुलांना असा शेजारी मिळाला नाही, त्यांची नावे आपल्याला माहीतच नाहीत. एखादे मूल शिकणार की नाही, हे शेजार कसा मिळाला यावर ठरत असेल, तर मग शाळा कशासाठी आहे?

जर्मनीलाही हे उशिरा का होईना कळले. २००० साली पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तिचा निकाल २००१ च्या डिसेंबरमध्ये आला आणि जर्मनीला धक्काच बसला. सरासरीपेक्षा खालचे गुण तर होतेच, पण मूल कोणत्या घरातून आले आहे यावर त्याचे गुण फारच जास्त अवलंबून होते. त्यानंतर शाळेत येण्याआधीच मुलांची भाषा तपासून मदत देणे, पूर्ण दिवसाच्या शाळा वाढवणे असे प्रयत्न सुरू झाले. १ जानेवारी २००० पासून तिथे जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना, पालकांच्या वास्तव्याची अट पूर्ण होत असेल तर, जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. म्हणजे तुर्कस्तानशी करार झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी कायदा म्हणाला की हे मूल पाहुणे नाही. तोवर त्या पहिल्या मुलांची मुले शाळेत जाऊ लागली होती.

सगळ्यांना सारखेच, म्हणजे न्याय का?

'आम्ही कोणाशी भेदभाव करत नाही. सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक, तोच वर्ग.' शाळांचे हे आवडते उत्तर असते. ऐकायला किती चांगले वाटते!

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे १,८०० चिनी वंशाची मुले अशी होती की त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि ते शिकवायची वेगळी सोयही नव्हती. इंग्रजी वर्गात ती नुसती बसून राहत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या नावाने हा खटला ओळखला जातो. १९७४ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा आशय असा, की ज्या मुलाला शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखेच पुस्तक आणि तोच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. ते मूल शिक्षणातून बाहेरच राहते.

वर्गात फळा उंच लावला आणि सगळ्यांना म्हटले, 'या, लिहा.' उंच मूल लिहील, बुटके नुसते बघत राहील. फळा सगळ्यांना सारखाच आहे! पण बुटक्याला पाट दिला तर तो पक्षपात होतो का? नाही ना. मग भाषेचा पाट द्यायला आपण का कचरतो?

कागद नसलेले मूल

भाषेनंतर येतो कागद. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, व्हिसा, शाळा सोडल्याचा दाखला. मोठ्यांचे कागद अडले की मूल अडते.

अमेरिकेतल्याच टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा केला, की ज्या मुलांचा देशातला प्रवेश कायदेशीर नाही त्यांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा मिळणार नाही, आणि शाळा अशा मुलांना प्रवेश नाकारूही शकतात. टायलर गावातल्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर फी मागितली. शेतात आणि लहानसहान कामांवर राबणाऱ्या पालकांनी ती कुठून आणायची? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता. आईबापांच्या कृतीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, हा त्यातला मुख्य विचार. एका न्यायाधीशाचे मत फिरले असते, तर किती मुले फाटकाबाहेर राहिली असती याचा विचार करा.

कागदाची अडचण फक्त गरिबांना असते असेही नाही. आपल्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबे एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत आहेत. त्यांची मुले दोन-तीन वर्षांची असताना गेली, तिथेच शिकली, तिथलेच मित्र, तिथलीच बोली. पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की ते येण्याआधीच मूल एकवीस वर्षांचे होते, आणि त्या दिवशी पालकांवर अवलंबून असलेला त्याचा दर्जा संपतो. मग नवा व्हिसा शोधा, नाहीतर देश सोडा. कुठे जायचे? ज्या देशात त्याचा जन्म झाला तो देश त्याला फक्त मे महिन्याच्या सुट्टीपुरता माहीत असतो.

घरातला दुभाषा

आता घरात डोकावू. स्थलांतरित कुटुंबात नवी भाषा आधी मुलाला येते, आईबापांना नंतर. म्हणून दवाखान्यात, बँकेत, घरमालकाकडे दहा वर्षांचे मूल दुभाषा म्हणून उभे राहते. आईचे दुखणे डॉक्टरांना तेच सांगते आणि डॉक्टरांची वाईट बातमी आईला तेच सांगते. शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठीसुद्धा वाचून तेच दाखवते, आणि ती कशी वाचत असेल ते सांगायला नको! हसू येते खरे, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. घरातले मोठेपण उलटे होते. मूल अकाली मोठे होते आणि आईबाप त्याच्या डोळ्यांत लहान होतात.

अशा वेळी अनेक शाळा पालकांना एक सल्ला देतात, 'घरी पण आमचीच भाषा बोला, म्हणजे लवकर येईल.' हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण माझ्या मते तो चुकीचा आहे. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आई मुलाला जेवायला बोलावू शकेल. पण त्याला समजावणे, गोष्ट सांगणे, रागवणे, धीर देणे हे ती कसे करणार? घरची भाषा काढून घेतली तर मुलाची परकी भाषा सुधारेल की नाही ठाऊक नाही, पण आई मात्र मुकी होईल. शिवाय ज्या मुलाला आपल्या भाषेत 'कारण', 'म्हणून', 'जर-तर' चांगले कळले आहे, त्याला तेच दुसऱ्या भाषेत शिकणे सोपे जाते. विचार पुन्हा शिकावा लागत नाही, फक्त शब्द शिकावे लागतात.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत हे स्पष्ट आहे. कलम २९ सांगते की शिक्षणाने मुलाच्या मनात पालकांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल आणि संस्कृतीबद्दल आदर वाढवावा. ज्या देशात ते राहते त्याच्या मूल्यांबद्दल आणि ज्या देशातून ते आले त्याच्या मूल्यांबद्दलही. दोन्ही. एक सोडून दुसरे नव्हे. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळींनी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवल्या आहेत. आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी बाराखडी शिकवणाऱ्या त्या पालकांचे आपण कौतुक करतो, आणि ते करायलाच हवे.

पण इथेच मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.

आपणही यजमान आहोत

स्थलांतरित मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपलाच भाचा-पुतण्या येतो. न्यू जर्सीतला, लंडनमधला, सिडनीतला. आपण स्वतःला नेहमी पाहुण्याच्या जागी बघतो. आपल्या राज्यात, आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत परदेशातून आलेले मूल बसलेले असेल, हे आपल्या लक्षात येते का?

रत्नागिरी, देवगड या भागात या. हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला, आंबा काढायला नेपाळी कुटुंबे असतात. पावसाळा संपला की येतात आणि आंब्याचा हंगाम आटोपला की बहुतेक जण परत जातात. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० च्या मैत्री करारापासून ये-जा मोकळी आहे, व्हिसा लागत नाही. बागेतल्या मांगरात बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडात शाळेच्या वयाची मुले. आपण त्यांच्या बापाला 'गुरखा' म्हणतो. त्याचे नाव विचारत नाही. मग मुलाचे कुठून विचारणार?

वर जे जे सांगितले ते सगळे या मुलाला लागू होते. ते दिवाळीनंतर, म्हणजे अर्धे वर्ष संपल्यावर येते आणि मे-जूनमध्ये जाते. हातात शाळा सोडल्याचा दाखला नसतो. असलाच जन्मदाखला, तर त्यावर तारीख विक्रम संवतातली. २०७३ साली जन्म! ऑनलाइन नोंदणी हे वर्ष कशी घेणार? नेपाळी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे सत्तावन्न वर्षे पुढे असते, हे माहीत असेल तर ते मूल २०१६-१७ मधले आहे हे मिनिटात कळते. माहीत नसेल तर 'कागद चुकीचा आहे' म्हणून मूल परत जाते. आधार क्रमांक नसला की पटावर नाव टिकवताना मुख्याध्यापकांची काय ओढाताण होते, हेही शाळेत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

भाषेत तर एक मोठी गंमत आहे, आणि फसगतही. नेपाळीची लिपी देवनागरी. त्यामुळे गावी दोन-तीन इयत्ता शिकून आलेले मूल आपले मराठी पुस्तक हातात घेऊन घडाघडा वाचू लागते. फक्त 'ळ'पाशी अडखळते, कारण नेपाळीत ते अक्षर नाही. ऐकणाऱ्याला वाटते, वा, याला तर मराठी येते! प्रत्यक्षात त्याला वाक्याचा अर्थ लागलेला नसतो. अर्थ विचारला की गप्प. आपण म्हणतो, 'वाचतंय छान, पण डोकं चालत नाही.' पुन्हा तोच शिक्का! पुढे ते बोलू लागले की 'मोठा फांदी', 'छोटा चिंच' असे म्हणते आणि वर्ग हसतो. आंबा तो, फांदी ती, झाड ते, हे आपण आईच्या मांडीवर शिकलो. नेपाळीत निर्जीव वस्तूंना असा लिंगभेद लावायची गरजच पडत नाही. मूल चुकत नाही, ते आपल्या भाषेच्या नियमाने बरोबर बोलते आहे.

कायदा मात्र या मुलाच्या बाजूने आहे. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात सहा ते चौदा वर्षांचे 'बालक' असा शब्द आहे, 'नागरिक' असा नाही. वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश न नाकारणे, वर्षाच्या मध्ये आले तरी दाखल करून घेणे, दाखला यायला उशीर झाला तरी न अडवणे हे सगळे त्यात लिहिलेले आहे. टेक्सासच्या मुलांना ज्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, त्यातले बरेच आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात आधीच छापलेले आहे. ते पुस्तकातून वर्गात आणणे, एवढेच आपले काम.

'पण गुरुजी...'

काही आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, 'ती सहा महिन्यांत जाणार, कशाला एवढी धडपड?' जर्मनीने हेच म्हटले होते. दोन वर्षांत जाणार म्हटलेली माणसे तिथे आजोबा झाली. आणि समजा, मूल खरेच सहा महिन्यांनी गेले. ते सहा महिने त्याच्या आयुष्यातून वजा होतात का? दर वर्षी सहा महिने वाया गेले तर आठ वर्षांच्या शाळेतली चार वर्षे गेली.

दुसरा आक्षेप, 'आमच्या मुलांकडेच लक्ष द्यायला शिक्षक पुरत नाहीत.' हे खरे आहे आणि ते खोडून काढण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना काय होते, ते मी रोज पाहतो. पण वर्गात नवी भाषा घेऊन आलेले मूल हे फक्त ओझे नसते. 'तुमच्याकडे आंब्याला काय म्हणतात?' एवढ्या एका प्रश्नाने सगळ्या वर्गाचा भाषेचा तास रंगतो. शिवाय भाषा न कळणाऱ्यासाठी केलेली चित्रे, वस्तू, सोपी वाक्ये यांचा फायदा वर्गातल्या मागे राहिलेल्या मराठी मुलालाही होतो.

तिसरा, 'आपल्याकडे आले तर त्यांनी मराठी शिकायलाच हवे.' अगदी मान्य! मी म्हणेन, त्यांना मराठी उत्तम आलेच पाहिजे, कारण त्याशिवाय त्यांना इथे काही मिळणार नाही. पण 'शिकायला हवे' असे म्हणणाऱ्यावर 'शिकवायला हवे' ही जबाबदारी आपोआप येते. न शिकवता परीक्षा घेणे याला आपण शाळेत काय म्हणतो, ते तुम्हीच सांगा.

आपण काय करू शकतो?

मोठी धोरणे सरकारने करावीत. पण वर्गात उद्या सकाळी करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

१. मुलाचे नाव नीट विचारा, नीट उच्चारा. 'ए नेपाळी' ही हाक पहिल्याच दिवशी बंद करा.

२. पहिले काही आठवडे बोलण्याची सक्ती नको. ऐकू द्या. उत्तर बोटाने, चित्राने, कृतीने देऊ द्या.

३. गणिताची पातळी अंकांवर तपासा, शाब्दिक उदाहरणांवर नको. मग कळते की अडचण गणिताची आहे की भाषेची.

४. वाचन आणि आकलन वेगवेगळे तपासा. घडाघडा वाचले म्हणजे कळले असे नाही.

५. शेजारी एक बोलका, मायाळू जोडीदार बसवा. मूल भाषा शिक्षकापेक्षा मित्राकडून लवकर शिकते.

६. त्याच्या भाषेतले पाच शब्द वर्गाने शिकावेत. एक, दुई, तीन, चार, पाँच. बघा, किती जवळचे आहे ते!

७. पालकसभेत दुभाषा म्हणून त्याच मुलाला उभे करू नका. दुसरा मोठा माणूस शोधा.

८. ते गाव सोडून जाताना त्याने काय काय शिकले याचा एक कागद आणि त्याची वही सोबत द्या. पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही.

समारोप

वाचकहो, स्थलांतर थांबणार नाही. कोणी डॉलरसाठी जाईल, कोणी बागेतल्या मजुरीसाठी, कोणी जीव वाचवण्यासाठी. मुले त्यांच्या बोटाला धरून जात राहतील. कोणत्या देशात जन्मायचे आणि कोणत्या देशात शिकायचे, हे त्या मुलांना कोणी विचारलेले नसते.

आपल्या पुतण्याला परदेशातल्या शाळेत कोणी हसू नये, त्याच्या शिक्षिकेने त्याचे नाव नीट घ्यावे, तो गप्प बसला म्हणून त्याला मंद समजू नये, असे आपल्याला मनापासून वाटते. मग हीच अपेक्षा कोणीतरी नेपाळमध्ये बसलेली आजी आपल्याकडून करत असेल. तिचा नातू आपल्या वर्गात आहे. त्याला 'ळ' अजून म्हणता येत नाही, पण गणित येते का ते आपण अजून पाहिलेले नाही. या आठवड्यात तेवढे पाहा.